धुतलेला दोर

दोर धुतलेला होता. तिथेच मला शंका यायला हवी होती.

माझा भाऊ देर्लिस नऊ वर्षं झाडाखाली उभा राहून माझे दोर सांभाळतोय. या नऊ वर्षांत त्यानं स्वतःचा तेरेरे, म्हणजे आमचा पानांचा गार काढा, प्यायचा पेलासुद्धा कधी विसळलेला मी पाहिला नाही. आणि त्या सोमवारी पिशवी उघडते तर माझा चढायचा दोर स्वच्छ, साबणाचा वास येणारा, नीट वेटोळं घालून ठेवलेला. मी खूश झाले हो! म्हटलं, चला, पन्नाशीला का होईना, आमच्या भावाला अक्कल आली. त्या खूश होण्याचा मला अजून राग येतो, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

आमच्याकडे दोन लांब दोर असतात. एक पांढरा, जाड, ओझ्याचा. कापलेल्या फांद्या त्यानं खाली सोडायच्या, ओंडके ओढायचे, चिखलात लोळवला तरी चालेल. दुसरा हिरवा, माझा. त्याच्यावर पाय द्यायचा नाही, त्याच्याजवळ पेट्रोल ठेवायचं नाही, त्यानं काही ओढायचं नाही. त्याच्यावर लटकायचं ते फक्त मी. कारण दोर बाहेरून काही सांगत नाही. एक जबर हिसका बसला की आतले धागे तुटतात आणि वरून तो तसाच हिरवागार दिसतो. म्हणून मी चढण्याआधी अख्खा दोर, पंचेचाळीस मीटर, डोळे मिटून बोटांतून काढते. वीतभरही सोडत नाही. त्या सोमवारी ते केलं नाही. एवढा छान धुतलेला दोर काय तपासायचा, म्हटलं.

शिवाय घाईही होती. काम दोन्या लिब्राडांच्या, म्हणजे लिब्राडाबाईंच्या, घरी होतं. सत्तरी ओलांडलेली बाई, सकाळी सातपासून अंगणात खुर्ची टाकून आमची वाट बघत बसलेली. मागच्या अंगणात पंचवीस-तीस मीटरचं निलगिरीचं झाड, आणि त्याची एक वाळलेली फांदी बरोबर शेजाऱ्यांच्या पत्र्यावर.

"माझ्या नवऱ्यानं लावलंय हे," त्या म्हणाल्या. "ती मेलेली फांदी तेवढी काढ. बाकी झाडाला ओरखडा नको. मागच्या वेळचे लोक खिळ्यांचे बूट घालून चढले आणि झाडाची साल फणसासारखी करून गेले."

"माझे काटे गाडीतून उतरणारसुद्धा नाहीत," मी म्हटलं. "शब्द देते."

पोटरीला बांधायचे लोखंडी काटे फक्त पाडायच्या झाडावर वापरायचे, हा माझा नियम आहे. ज्या झाडाला जगायचंय त्याच्या अंगात मी लोखंड घालत नाही. आमच्या असुन्सिओन शहरात घालणारे खूप आहेत. त्यांची नावं मला विचारू नका, तोंड खराब होईल.

देर्लिसनं मोठ्या गलोलीनं बारीक दोरी बांधलेली वाळूची थैली वरच्या फांदीच्या बेचक्यातून पलीकडे टाकली. त्या दोरीमागून हिरवा दोर ओढून घेतला. दोराचं एक टोक त्यानं बुंध्याशी बांधलं, दुसऱ्यावर आम्ही दोघं लोंबकळून उड्या मारल्या. धरलं. मी निघाले.

चढायच्या दोराभोवती बारीक दोरीचे वेढे घालून एक गाठ बांधलेली असते. हातानं ढकलली की वर सरकते, वजन पडलं की धरते. एवढ्या एका गाठीवर मी रोज जगते. अठरा मीटरवर मी ती ढकलली, बसले, आणि तिनं धरलं नाही.

फार नाही, दोन हात घसरले असेन. मग धरलं. पण त्या दोन हातांत माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी कमरेचा आखूड दोर काढला, बुंध्याभोवती टाकला, दोन्ही कड्या लावल्या आणि झाडाला छातीशी धरून बसले. मग हिरवा दोर बघितला. नाकासमोरच दोन-तीन फूट तुकडा चकचकीत, कडक. वितळून गार झाल्यासारखा. दोर असा होतो तो घासला गेल्यावर, जबरदस्त ओझ्याखाली, लोखंडावर.

"देर्लिस!"

"काय गं?"

"दोराला काय झालंय?"

"काय व्हायचंय? धुतलाय मी."

"का धुतलास?"

शेजारच्या पत्र्यावर एक कोंबडी चालत होती, तिच्या पायांचा आवाज मला ऐकू येत होता.

"चिखल लागला होता," तो म्हणाला.

"माझ्या दोराला चिखल कुठून लागला?"

"विल्फ्रिदोचा…" पुढचं पुटपुटला.

"मोठ्यानं बोल! मी अठरा मीटरवर आहे, तुझ्या मांडीवर नाही!"

"विल्फ्रिदोचा ट्रक ओढ्यात अडकला होता! शनिवारच्या पावसात! वाहून चालला असता!"

विल्फ्रिदो म्हणजे देर्लिसच्या पोरीचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. या माणसानं हाक मारली की देर्लिस जेवणावरून उठतो.

"आणि पांढरा दोर कुठे होता? सासरी गेला होता?"

"होता गाडीत. पण तुझा जास्त मजबूत ना! पट्टीवर लिहिलंय त्याच्या, दोन हजार तीनशे किलो!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चोरला असता, विकला असता, तर मी समजू शकले असते. याला माझा दोर चांगला वाटला म्हणून यानं तो वापरला! जणू माझं कौतुकच करत होता. मी वरून काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या टाळक्यापासून सुरुवात केली, विल्फ्रिदोच्या ट्रकवर आले, तिथून विल्फ्रिदोच्या आजोबांपर्यंत गेले. शेजारची माणसं पत्र्याखालून बाहेर येऊन वर बघायला लागली. कोणीतरी हसलं, त्यालाही दोन शब्द दिले.

बोलून झालं तरी मी वरच होते. त्या दोरावर आता मी माझी टोपीसुद्धा टांगली नसती. दुसरा चढायचा दोर नव्हता, आणि पांढरा इतका जाड की माझी गाठ त्याच्यावर बसतच नाही. अग्निशमनवाल्यांची शिडी त्या अंगणात शिरली नसती. राहिला माझ्या कमरेचा आखूड दोर, आणि एकच रस्ता.

"काटे पाठव," मी म्हटलं.

"पण तू तर म्हणालीस…"

"काटे पाठव, देर्लिस!"

मी खाली सोडलेल्या बारीक दोरीनं काटे वर आले. मी एका हातानं ते पोटऱ्यांना बांधले. खाली दोन्या लिब्राडा खुर्चीतून उठून उभ्या होत्या.

"मला माफ करा," मी ओरडले. "शब्द मोडते आहे."

"उतर आधी," त्या म्हणाल्या. "मेलेल्या बाईच्या शब्दाचं मी काय करू?"

मग मी उतरले. काटा मारायचा, दुसरा मारायचा, कमरेचा दोर झटका देऊन हातभर खाली घ्यायचा, त्यावर मागे रेलायचं, पुन्हा काटा. अठरा मीटर. निलगिरीची साल मऊ, पांढरी, हात फिरवावासा वाटेल अशी. प्रत्येक भोकातून लालसर चीक यायला लागला. निम्म्यावर आले तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते भीतीचं नव्हतं. मी रागानं रडते. लहानपणापासून. देर्लिसला ते ठाऊक आहे, म्हणून मी खाली पोचले तेव्हा तो गाडीच्या पलीकडे उभा होता.

"ये इकडे."

"आधी पाणी पी." त्यानं तेरेरेचा पेला पुढे केला. बर्फ, पुदिना, सगळं घालून भरलेला. मी तो घेतला नाही.

"माणूस मारला असतास आज. सख्खी बहीण."

"काही झालं का? नाही ना झालं! जरासं घसरलं. तू ना निमी, राईचा पर्वत करतेस." आता शेजारी बघत होते, आणि माझ्या भावाला माणसं बघायला लागली की शहाणपण सुचतं. "एवढा ट्रक ओढला त्यानं, तुझे पंचावन्न किलो त्याला जड झाले? हे बघ!"

हिरवा दोर अजून झाडावरच होता, एक टोक बुंध्याशी बांधलेलं, दुसरं लोंबतं. देर्लिसनं ते लोंबतं टोक दोन्ही मुठींना गुंडाळलं आणि पाय उचलले. शंभर किलोचा माणूस जमिनीपासून वीतभर वर गोल गोल फिरायला लागला.

"बघ! बघा दोन्या! आहे का काही? मी आत्ता वर जाऊन दाखवतो!"

आणि हा गाढव खरंच गेला असता. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं, तो नाटक करत नव्हता. नऊ वर्षं ज्यानं माझा जीव हातात धरला, त्याला आपण काय धरलंय हे ठाऊकच नव्हतं.

मी मांडीवरच्या म्यानातून हातकरवत काढली आणि बुंध्याशी ताणलेल्या दोराला नुसती टेकवली. घासली नाही, टेकवली. टक्कन आवाज झाला आणि देर्लिस ढुंगणावर आपटला. दोराचं तुटकं टोक सळसळत वर गेलं, बेचक्यावरून पलीकडे आलं आणि सगळाच्या सगळा दोर त्याच्या डोक्यावर कोसळला.

शेजारी हसले. दोन्या लिब्राडा हसल्या नाहीत. देर्लिस गुंत्यात बसून कापलेलं टोक शोधत होता. सापडलं तेव्हा त्यानं ते डोळ्यांजवळ नेलं.

"एवढंच?" तो म्हणाला. "नुसतं टेकवून?"

"ताणलेला दोर एवढ्यानंच जातो. आतून तुटलेला तर त्याहून लवकर. आता कळलं?"

त्यानं ते टोक दोन बोटांत चोळलं. मग खाली बघत म्हणाला, "शनिवारीच कळलं होतं."

"काय?"

"ट्रक निघाला तेव्हा दोरातून आवाज आला. कडकड. मला कळलं, हा आता गेला."

"आणि तरी पिशवीत घातलास? धुऊन?"

"म्हटलं, पुढच्या महिन्यात हळूच नवा आणून ठेवीन. तोवर टिकेल."

"मला सांगायचं होतंस!"

"तू ओरडतेस, निमी."

"मी…"

"ओरडतेस. मागे एकदा माझ्या हातून साधी छोटी करवत पडली, तर भर गल्लीत तू माझी आई काढलीस. आपली आई एकच आहे, तरी काढलीस." त्यानं नाक पुसलं. "आता घरी मी पोरांना सांगतो, आत्या आली की गप्प बसा. मलाच तुझी भीती वाटते. खरं सांगतो. झाडाची नाही वाटत तेवढी तुझी वाटते."

माझं तोंड उघडं होतं. ओरडायचं सगळं जिभेवर तयार होतं, आणि त्याच्या हक्काचंच होतं. खरंच त्याच्या हक्काचं होतं, मी आजही म्हणेन. पण दोन्या लिब्राडा माझ्याकडे बघत होत्या, देर्लिसकडे नाही. मी तोंड मिटलं. दात एवढे आवळले की कानशिलं दुखली.

"या नऊ वर्षांत मला न सांगितलेलं आणखी काय आहे?" मी विचारलं.

"ओरडशील."

"नाही ओरडणार."

"शपथ?"

"देर्लिस. बोल."

त्यानं बोट वर केलं आणि माझ्या कमरेवरच्या मधल्या कडीकडे दाखवलं. "ती. मार्चमध्ये शाळेच्या कामाला चौथ्या मजल्याएवढ्या उंचीवरून सिमेंटवर पडली. पुसून परत लावली."

अशी पडलेली कडी फेकायची असते. आत चीर जाते, ती दिसत नाही. मार्चपासून मी त्या कडीवर किती झाडं चढले असेन, मोजायला गेले नाही. ती काढली आणि गवतावर ठेवली.

"आणखी?"

"गाठीची ती बारीक दोरी. गाडीच्या बॅटरीचं पाणी सांडलं होतं तिच्यावर. थोडंसंच."

ती सोडली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आता येईल, आता येईल म्हणून. मी गिळलं. बाभळीचे काटे गिळावेत तसं ते खाली गेलं.

"आणखी?"

"बास. एवढंच."

"देर्लिस."

तो उठून बसला होता, तो पुन्हा खाली बघायला लागला. गळ्यात हिरव्या दोराचं वेटोळं तसंच अडकलेलं.

"विल्फ्रिदोच्या ट्रकला दोर बांधायला पुढे काही नव्हतं," तो म्हणाला. "बंपर निघाला होता. मला असं काहीतरी हवं होतं, आखूड, दोन्ही टोकांना कड्या असलेलं. खालच्या दांड्याला गुंडाळायला."

मी माझ्या कमरेकडे बघितलं. आत्ता अठरा मीटर मी ज्याच्यावर मागे रेलत, त्याच्या एकट्याच्या जिवावर, हातभर हातभर खाली आले होते, तो आखूड दोर अजून तिथेच लोंबत होता. साबणाचा वास त्यालाही येत होता.

मी ओरडले नाही. एक कडी काढली, मग दुसरी. दोर त्याच्यासमोर गवतावर ठेवला आणि त्याच्या शेजारी खाली बसले.

"आणखी?" मी विचारलं.