घरच्या माणसाचा नंबर

डोंगरमोहिमेच्या फॉर्मवर नाव, वय, रक्तगट असं सगळं होतं आणि शेवटी एक रकाना होता: घरच्या माणसाचा नंबर. मी जरा वेळ पेन चावलं आणि माझ्याच घरच्या फोनचा नंबर लिहून मोकळी झाले. माझ्या घरात माणूस एकच, ती मी. मला वाटलं, हा नंबर लावायची वेळ येणार ती मी दरीत पडल्यावरच. मग कुणी उचलला काय नि नाही उचलला काय!

चुकलं ते इथेच. ही मोहिमेची मंडळी रोज संध्याकाळी घरी फोन करतात. मुक्कामावर पोचलो की मास्तर वॉकीटॉकीवर खाली खुशाली कळवायचे, ऑफिसातली बाई प्रत्येकाच्या घरी फोन लावायची आणि तासाभरात घरच्यांचे निरोप वर यायचे. मास्तर म्हणजे आमचे वाटाडे. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही, पण पाऊल चुकलं की थांबवून पुन्हा टाकायला लावतात, म्हणून मास्तर.

निरोप सगळ्यांसमोर, जेवणाच्या तंबूत. नावं गोंधळतात म्हणून फॉर्मच्या नंबरानेच हाक.

"तीन नंबर, मुलीचा दात पडला. पाच नंबर, बायको विचारते, गिझरचं बटण कुठलं?"

सगळे हसायचे. मग वॉकीटॉकी जरा खरखरायचा. "सात नंबर, तुमच्याकडे फोन उचलत नाहीत."

सात नंबर मी.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, बाहेर गेले असतील. दुसऱ्या दिवशी म्हटलं, लवकर झोपतात. कोण झोपतं ते कुणी विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मला माझी बाहेरची खोली दिसायला लागली. ओढलेले पडदे, टेबलावर पालथा घातलेला एकच कप आणि कोपऱ्यात वाजत राहिलेला फोन. स्वतःची कीव करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी त्या ऑफिसवालीवर चिडले. उचलत नाहीत म्हटल्यावर गप्प बसावं की नाही माणसानं!

मी दातांच्या कवळ्या बनवते. तीस वर्षं एकाच लॅबमध्ये, एकाच टेबलाशी. लोकांचं हसू माझ्या हातून जातं, पण लोक भेटत नाहीत, त्यांचे साचे भेटतात. या डोंगरासाठी मी दोन वर्षं लॅबमधल्या प्लास्टरच्या पिशव्या पाठीला लावून सात मजले चढत-उतरत होते. शेजारीण म्हणायची, म्हातारचळ लागलाय. लागू दे. त्या पांढऱ्या टोकावर एकदा उभं राहायचं, एवढं एकच मी स्वतःसाठी मागितलं होतं.

चौथ्या दिवशी आम्ही बर्फातल्या शेवटच्या मुक्कामावर पोचलो. दुपारी मास्तरांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, तुमच्या घरचं कुणीच बोललं नाही अजून."

"बोलतील."

"आज बोलायला हवं. इथून वर न्यायचं तर घरच्या एका माणसाशी बोलणं झालेलं लागतं. नियमच आहे तो."

"मी बाकीच्यांपेक्षा नीट चालते."

"चालता. सगळ्यात नीट चालता. प्रश्न चालण्याचा नाहीये."

"मग मला कुणी नाही असं समजा आणि न्या."

मास्तर बुटाच्या खिळ्यांमधला बर्फ काढत होते. वर न बघताच म्हणाले, "असं समजून मी कुणालाच नेत नाही, ताई. पाच वाजेपर्यंत नंबर द्या. नाहीतर उद्या आचाऱ्याबरोबर इथे थांबा."

पाठ असलेला नंबर एकच होता, धाकट्या भावाचा. आई गेल्यावर त्याने तिच्या दोन खोल्या भंगारवाल्याला बोलावून एका दुपारीत रिकाम्या केल्या. मला विचारलंसुद्धा नाही. मी चार नातेवाइकांसमोर म्हटलं, आजपासून मला भाऊ नाही. पहिली दोन वर्षं तो फोन करत राहिला, मी उचलला नाही. मग तोही थांबला. या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील. आपलेच दात नि आपलेच ओठ, हे मला कुणी शिकवायला नको. पण मी चावले ते चावलेच.

पाचला पाच कमी असताना मी मास्तरांच्या तंबूत गेले आणि नंबर सांगितला.

त्या संध्याकाळी मी सूपाची वाटी घेऊन वॉकीटॉकीच्या जवळ बसले. तीन नंबर झाला, पाच नंबर झाला. मग, "सात नंबर, तुमचे भाऊ बोलले. जाऊ द्या म्हणाले."

"अजून काही?" मी विचारलं.

"नाही. 'बरं' म्हणाले. दोनदा."

मीही तेवढंच म्हटलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आमच्या घरात तर वाटणीला पीळच आला होता. मला वर जायला मिळालं होतं. मी आनंदात असायला हवं होतं.

पहाटे निघालो. मास्तरांनी दोरावर मला आपल्या मागेच बांधलं. सात तास मी त्यांच्या टाचा बघत चढले, आणि मग चढायला काही उरलं नाही.

बाकीचे एकमेकांच्या गळ्यात पडले, माझ्याही पाठीवर कुणीतरी थापटलं. खाली सगळीकडे ढग होते. मला वाटलं होतं, इथे आल्यावर ऊर भरून येईल. काही आलं नाही. ज्याला सांगायला कुणी नाही त्याला शिखर म्हणजे गार वारा आणि दहा माणसं उभी राहतील एवढी जागा. हे मी दोन वर्षांपूर्वी ओळखायला हवं होतं.

मास्तरांनी खाली कळवलं. आम्ही पाठीला पाठ लावून चहा पीत असताना वॉकीटॉकी बोलायला लागला. पोचल्याबद्दल सगळ्यांच्या घरून अभिनंदन, रडारड, एकाच्या आईचा ओरडा.

"सात नंबर, तुमच्या भावांनी पहिल्याच घंटेला उचलला. विचारतायत, ताई घरी कधी येणार?"

घरी कधी येणार. किती वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. गॉगलच्या आत पाणी आलं आणि समोरचं काही दिसेना. मास्तरांनी वॉकीटॉकी माझ्यापुढे धरला.

"उतरायला दोन दिवस आणि पुढे एक दिवसाचा प्रवास," ते म्हणाले. "तीन दिवस सांगा."

"चार सांगते," मी म्हटलं. "वाटेत उशीर झाला तर उगाच घोर लावून घेईल तो."