मी विझलो ते बरं झालं

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. पत्रा गंजलाय, कडी वाकलीय. पण नाक मुरडू नका, काच अजून मूळचीच आहे हं!

पेडण्याच्या गोकुळदासांनी मला घेतलं ते उजेडासाठी नव्हेच. ते विहिरी उपसायचे. उतरण्याआधी मला पेटवून दोरीने खाली सोडायचे. मी तळाशी तेवत राहिलो की ओरडायचे, "पेटता! आता मी उतरतंय." विझलो की कुणीच उतरायचं नाही. जमलेल्या बायका अपशकुन म्हणून कुजबुजायच्या, आणि गोकुळदास मला थोरल्या भावासारखं पंच्याने पुसत हसायचे, "ह्यो माझो मोठो भाव. आधी ह्यो जाता, मगे मी." काय दिवस होते ते! ओल्या चिऱ्यांचा वास, बेडकांची पळापळ, वर वाटीएवढं आभाळ. आठवलं की अजून गलबलून येतं.

गोकुळदास गेले आणि मी पडवीतल्या खिळ्यावर लटकलो. हल्ली वीज गेली की मोबाईलची बॅटरी लावतात, मला कोण विचारतो? त्यांची बायको सुमंगला तेवढी गणपतीच्या चवथीला माझी काच पुसायची, थोडं रॉकेल घालायची.

यंदा त्यांच्या मुलाने, गौरेशने, अंगणात पाण्याची टाकी बांधली. स्लॅब घातल्यावर महिनाभर झाकण बंदच होतं. मग आतून स्लॅबला आधार दिलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या काढायला तो आणि सदाशिव गवंडी आले. सदाशिवने मोबाईल आत धरला. "सगळा लख्ख दिसता. पाच मिनटांचा काम."

गौरेशने पाय आत टाकला मात्र, सुमंगला चहाची किटली तिथेच ठेवून धावली. "भायर ये! तुझो बापूस कंदील सोडल्याबगर कधी उतरलो नाय!"

"आये, ही बाव न्हय गो, टाकी!" टाकीला विहिरीचे नियम कशाला, म्हणून गौरेश वैतागला, पण बाहेर आला.

मला खिळ्यावरून काढून, पेटवून दोरीने आत सोडलं. अर्ध्यावरच ज्योत बारीक झाली आणि मी विझलो. ओल्या फळ्या बंद जागेत कुजल्या की आत श्वासापुरती हवा उरत नाही. मोबाईलच्या उजेडात फळ्या दिसतात, हवा दिसत नाही.

सदाशिवने मोबाईल खिशात टाकला. "तू पडलो असतस तर मीय तुका काढूक उतरलंय असतंय," तो पुटपुटला.

मित्रांनो, बंद टाकीत घाईने उतरू नका. झाकण उघडा, पंख्याने हवा खेळवा, हवा तपासणारं यंत्र आणा. मी तेवलो तरी एवढ्यावर विसंबू नका. काही विषारी वायू मलाही कळत नाहीत. आणि कुणी आत पडलाच तर मागोमाग उडी घेऊ नका.

एरवी दिवा विझला की अपशकुन म्हणून सुमंगलाही घाबरून देवाला हात जोडायची. त्या दिवशी तिने आधी गौरेशच्या छातीवर हात ठेवून त्याचा श्वास पाहिला, आणि मग विझलेल्या मला कपाळाला लावलं.