पेडलवरचा पाय

जुनी गाडी घरात होती तेव्हा काकू तिला सवत म्हणायच्या. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं. "आज आमच्या ह्यांनी सवतीला न्हाऊ घातलं," "सवतीला खोकला झालाय, डॉक्टर खाली शिरलेत," असं चाले. ऐकणारे हसत, काकूही हसत, आणि काका गाडीखालून ओरडत, "हळू बोल, तिला कान आहेत!" लोखंडाच्या सवतीचा जाच तो किती? तेल दिलं की गप्प.

पण देवाची करणी बघा. सवत घराबाहेर गेली आणि काकूंच्या जिवाला खरा घोर तेव्हा लागला.

मुलानं नवी गाडी घेऊन दिली. मोठ्या मनानं दिली, त्याला बोल लावायचा नाही. पट्टा बांधला नाही तर ती बोलते, मागं भिंत आली तर ओरडते, टायरमध्ये हवा कमी झाली तर काकांच्या मोबाइलवर निरोप येतो. पहिल्याच दिवशी काकांनी हौसेनं बॉनेट उघडलं, तर आत काळ्या प्लॅस्टिकचं झाकण. माणूस दार उघडायला जावा आणि आत भिंतच लागावी, तसं झालं त्यांना. काही बिघडलं की पांढऱ्या शर्टातला एक मुलगा येतो, गाडी घेऊन जातो, धुऊनपुसून परत आणून लावतो. काकांची नखं उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वच्छ दिसू लागली.

जुनी गाडी घेतली कोपऱ्यावरच्या टेलरबाईंनी. बाई एकट्या, काकूंपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, गळ्यात सदा टेप. शाळांचे गणवेश शिवायच्या, गठ्ठे पोचवायला स्वस्तातली गाडी हवी होती. काका म्हणाले, "नुसती किल्ली देऊन भागायचं नाही. ही गाडी सांभाळायला शिकावं लागतं. मी येत जाईन."

तिथं काकूंचं हसणं पहिल्यांदा थांबलं.

का, ते सांगायला हवं. जुन्या गाडीच्या ब्रेकच्या नळीत हवा शिरते, ती काढायचं काम एकट्याचं नाही. एकानं गाडीखाली झोपायचं आणि चाकाजवळचा बारका बोल्ट पान्यानं सैल करायचा. दुसऱ्यानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. खालच्यानं बोल्ट आवळेपर्यंत वरच्याचा पाय हलता कामा नये, हलला की हवा पुन्हा आत. "दाब." "दाबलंय." "धर." "धरलंय." "सोड." लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तो पाय काकूंचा होता.

आणि काका होते अबोल. समोर बसवून विचारलं तर हो-नाहीच्या पलीकडे जायचे नाहीत. पण गाडीखाली गेले, तोंड दिसेनासं झालं, नुसत्या दोन पोटऱ्या बाहेर राहिल्या, की बोलायचे. सासूबाई गेल्यावर ते रडले नव्हते. महिन्याभरानं ब्रेक काढताना खालून आवाज आला, "शेवटी आईचं सगळं तू केलंस. मला जमलं नसतं. …धर." काकूंनी धरलं. डोळे पुसायलासुद्धा पाय हलवला नाही.

काकूंना मिळालं ते सगळं असं पेडलच्या वाटेनं मिळालं. नव्या गाडीत दोघं शेजारी शेजारी बसायचे, गार हवा खात, आणि बोलायची ती फक्त गाडी.

एका सकाळी त्या ओट्याशी कणीक मळत होत्या. खिडकीतून कोपऱ्याचा आवाज आला. "दाबा." त्यावर बाईमाणसाचा, किनरा: "दाबलंय, काका!" आणि हसणं.

कणीक तशीच राहिली.

"हसायला काय झालं होतं?" जेवताना त्यांनी विचारलं.

"कोण हसलं?"

"ती तुमची शिष्या."

"पाय घसरला तिचा. नवी आहे."

"माझा कधी घसरला होता?"

"नाही."

"मग मी हसले नाही ते बरोबरच आहे."

काका पाणी प्यायले आणि ताटावरून उठले.

माणसाच्या सहा शत्रूंत मत्सराचं नाव शेवटी घेतात, पण दार किलकिलं दिसलं की आत शिरतो तोच पहिला. काकू देवापुढं बसल्या तरी कान कोपऱ्यावर. काकांच्या नखांत पुन्हा काळं दिसलं, तर त्यांना वाटे, हे काळं आपल्या घरचं नाही. टेलरबाई भाजीवाल्याकडं भेटली की गोड हसायची, आणि काकूंची नजर जायची खाली, तिच्या उजव्या पायाकडं.

मग थंडी पडली. काका अंघोळीला गेले होते आणि त्यांचा मोबाइल वाजला, तो काकूंनी उचलला.

"काकू, मी टेलर. गाडी सुरूच होत नाही हो! गणवेश भरून ठेवलेत, शाळा भरायच्या आत पोचवायचेत. काकांना विचारता का, काय करू?"

विचारायचं कशाला? काकूंना ते पाठ होतं. चोक ओढायचा, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, किल्ली फिरवायची. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्या क्षणी मनानं दुसरंच मांडलं. गाडी दोन-चारदा अडली की बाई कंटाळेल, विकून टाकेल, मिटेल सगळं.

"ॲक्सिलरेटर दाबा," काकू म्हणाल्या. "दणकून, सात-आठ वेळा. चोक ओढलेलाच राहू द्या."

फोन ठेवला. देवा, हे काय बोलले मी?

पुन्हा फोन वाजला तेव्हा काका टॉवेल गुंडाळून बाहेर आले होते. "पेट्रोलचा वास येतोय? मग इंजिन पेट्रोल प्यालंय जास्त. ॲक्सिलरेटर दाबलात ना? अहो, कुणी सांगितलं तुम्हाला?" ते ऐकत राहिले. मग त्यांनी काकूंकडं पाहिलं. "बरं. येतोच."

झालं! ज्यांना तिकडं जाऊ द्यायचं नव्हतं, त्यांना काकूंनीच धाडलं.

"मीही येते," त्या म्हणाल्या.

गल्लीतून जाताना काकांनी विचारलं, "तुला माहीत नव्हतं?"

"होतं."

"मग?"

"तुम्हाला बोलायला गाडी लागते, मला नाही लागत. जळते मी. त्या पेडलवर ती बसते ना, त्यानं जळते. माझी जागा होती ती."

तेवढ्यात कोपरा आला.

टेलरबाई रडवेल्या होऊन सीटवर बसल्या होत्या. काकू म्हणाल्या, "उठा. मी बघते." चोक आत ढकलला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला आणि किल्ली फिरवली. गाडी कुरकुरली, खोकली, काळा धूर सोडला आणि झाली एकदाची सुरू. काका बाहेर राहिलेले गठ्ठे मागं ठेवू लागले.

"टेलरबाई," काकू खालमानेनं म्हणाल्या, "मी मुद्दाम उलटं सांगितलं. माझं चुकलं."

बाई रागावल्या असतील तर दिसलं नाही. खिडकीशी वाकून त्या म्हणाल्या, "काकू, एक सांगू? मला पेडलवर बसवतात ना, तेव्हा काका माझ्याशी बोलतच नाहीत. खाली गेले की विसरतात वर कोण आहे. परवा म्हणाले, 'नव्या गाडीत तू नुसती खिडकीबाहेर बघत बसतेस. मला करमत नाही गं.' मी म्हटलं, काका, मी आहे, टेलर! तर असे गप्प झाले… मला हसूच आलं हो."

पण थांबा, विझली म्हणता का ती आग? उलट भडकली! आपल्या नावाचं बोलणं, आपण जन्मभर जपून गोळा केलेलं, ते परक्या बाईच्या कानात पडलं. तेही फुकट, आणि वर तिला हसू आलं!

"आणखी काय म्हणाले?"

"बरंच. मुलाचं, तुमच्या गुडघ्याचं… काकू, उशीर होतोय मला."

"बसा पलीकडं. गाडी मी चालवते, हिच्यावरच शिकलेय मी."

"अहो, पण…"

"बसा म्हणते ना! माझी ठेव आहे तुमच्याकडे. शाळेपर्यंत सगळी परत करायची, शब्दाला शब्द."

गाडी हलली तशी मागून काका धावले. "अगं, कुठं निघालीस?"

काकूंनी उत्तर दिलं नाही. गिअर टाकला. सवत मोठ्या आवाजाची, दारं खडखडणारी. टेलरबाई हळू सांगायला गेल्या, तर काही ऐकू येईना.

"मोठ्यानं बोल गं!"

"म्हणाले," टेलरबाई भर रस्त्यात, गणवेशांच्या गठ्ठ्यांतून ओरडल्या, "की तिचा गुडघा दुखतो रात्री! ती सांगत नाही! कूस बदलते त्यावरनं कळतं मला!"

बाजूच्या सायकलवाल्यानं वळून पाहिलं.

"तुला सांगितलं हे!" काकू दात आवळून म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात स्टिअरिंगवर असल्यानं पुसता येत नव्हतं. "मला नाही, तुला! …हं, पुढं?"