बद्रीनाथचा कीबोर्ड

भुताखेतावर माझा विश्वास न्हाई, आधीच सांगून ठेवतो. बदनापुरात कम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्याला असली थेरं परवडत न्हाईत. कीबोर्ड बिघडला म्हंजे एक तर त्यात चहा सांडलेला असतो, न्हाईतर कोणीतरी आत लुडबूड केलेली असती. बद्रीनाथच्या मशीनमधी लुडबूड मीच केल्ती.

परतूरच्या तहसीलपुढं त्याचं टायपिंगचं दुकान. कडबाकुट्टीच्या यंत्रात डावा हात सापडला. बोटं वाचली, पण मूठ मिटली ती मिटलीच. आता मराठी कीबोर्डात अक्षरं उजव्या हाताला आन् काना-मात्रा डाव्या हाताला. एका हातानं माणसानं करावं काय? मी त्याच्या लिनक्समधी एक फाइल लिहून दिली. स्पेसबार दाबून धरला की डावीकडच्या मात्रा उजव्या हाताखाली येतात. पठ्ठ्या पुन्हा उभा राह्यला. डावी मूठ मांडीवर, उजवा हात कळांवर, आन् ओळ संपली की टेबलावर एक टिचकी. बघत राहावं असं काम होतं त्याचं.

आवंदा उन्हाळ्यात त्या खुर्चीतच गेला बिचारा.

मंग त्याच्या बायकोचा, दैवशालावहिनीचा फोन आला. "कचरूभाऊ, तुमी केलेलं ते काढून टाका. मला बराबर दोन्ही हातांचं पाह्यजे." लग्नाआधी तिनं टायपिंगची परीक्षा दिल्ती. पण तिचा दीर धर्मराज दुकान मोबाइलवाल्याला द्यायला निघाल्ता. आज त्याच्यापुढं अर्ज टाइप करून दाखवला तर दुकान तिचं, न्हाईतर कुलूप. "दुकान गेलं तर जन्मभर भाऊजींच्या चुलीपुढं बसायचं. मरून जाईन मी, भाऊ."

दुपारी गेलो. फाइल काढली, साधा मराठी लेआउट लावला, मशीन बंद करून चालू केलं. 'परतूर तालुका' टाइप करून पाह्यलं. बिलकुल ठीक.

वहिनी बसली. तिनं 'तहसीलदार साहेब' मारलं, पडद्यावर आलं 'तहसलदर सहब'.

"वहिनी, दमानं दाबा."

पुन्हा तेच. मी वाकून तीच कळ दाबली, काना आला. तिनं दाबली, काहीच न्हाई. पिशवीतला नवाकोरा कीबोर्ड लावला, तरी तेच रडगाणं. दारातून धर्मराज हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

"तुमी गप बसा हो!" मी त्याच्यावर खेकसलो. खरं तर माझंच डोकं फिरल्तं.

लिनक्समधी एक खिडकी असती. कोणतीही कळ दाबा, ती काही का उमटवंना, दाबल्याची ओळ तिथं पडतीच. ती उघडली. "उजव्या हातानं दाबा, वहिनी." ओळ पडली. "आता तीच कळ डाव्यानं." कळ खाली गेली, टक् वाजलं, आन् खिडकी कोरी. लेआउटचं खूळ असतं तर ओळ तरी पडली असती. मशीनच्या लेखी तिला डावा हातच नव्हता.

वहिनी त्या कोऱ्या खिडकीकडं बघत राह्यली. मंग हळूच म्हणाली, "जुनं परत टाका."

"अहो, ते उलटं काम आहे. बद्रीला महिनोन्महिने लागले शिकायला."

"टाका, भाऊ."

पेनड्राइव्हमधून फाइल परत टाकली. तिनं डावा हात मांडीवर ठेवला, उजवा कळांवर, आन् तो हात सुटला! थांबणं न्हाई, चुकणं न्हाई. काने, मात्रा, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. ओळ संपली. तिनं टेबलावर टिचकी मारली.

धर्मराजनं अर्ज वाचला, एक चूक सापडंना. दुकानाची चावी टेबलावर टाकून मुकाट्यानं निघून गेला.

"जमलं, भाऊ!" वहिनी रडता रडता हसली. थर्मासमधला चहा ओतायला उठली. उजव्या हातात थर्मास घेतला, आन् कप काही उचलंना.

"डाव्या हातानं धरा की कप."

तिनं पदराखालून हात पुढं केला. घट्ट मूठ. माझ्याकडं बघून म्हणाली, "उघडंना, भाऊ."

मी झटकन माउसला हात घातला. "थांबा, काढून टाकतो ती फाइल. आत्ताच्या आत्ता काढतो."

वहिनीनं टेबलावरच्या चावीकडं पाह्यलं. मंग उजव्या हातानं माझा हात बाजूला सारला.

"राहू द्या," ती म्हणाली.