बोटभर कमी

कामरगावच्या पोरासोरांनी आणि दुकानदारांनी मिळून फँटसी फुटबॉलची लीग काढली होती. दर आठवड्याला मोबाइलवर परदेशी खेळाडूंचा संघ लावायचा, आणि जखमी खेळाडू संघात राहिला तर आठ दिवस जीपस्टँडवरचा रांजण भरायचा. हा दंड रज्जाक टेलरनंच सुचवला होता. लीगची अध्यक्ष होती त्याची पोरगी जिकरा, आणि तिच्या तावडीतून आजवर कोणी सुटलं नव्हतं.

या शनिवारी नवरदेवाच्या शेरवानीचे काज शिवता शिवता रज्जाकच आपल्या संघातला हात मोडलेला गोलकीपर बदलायला विसरला.

लीगमधला लखन म्हणाला, "जाऊ दे ना जिकरा, चाचा मोठे हायेत."

"मोठे हायेत, म्हणून तर नियम त्यायले आधी."

दुसऱ्या दिवशी रज्जाकनं रांजण भरला. जिकरानं झाकण काढून आत पाहिलं. "बोटभर कमी हाय, अब्बा. आजचा दिवस धरत नाही मी."

रज्जाकनं पुन्हा बादली उचलली. स्टँडवरच्या जीपमध्ये बसलेल्या एका म्हातारीला राहवलं नाही. "काहून भाऊ, या वयात पानी भरून राह्यले? घरी लेकरू नाही काय?"

"हाय ना एक पोरगी," रज्जाक छाती फुगवून म्हणाला, "तिनंच लावलं."