मायाक्काच्या गाठीवरचा भंडारा

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोटोम आहे. नाव ऐकून बिचकू नका. रुग्णाच्या अंगातून काढलेली गाठ मेणाच्या वडीत बसवतात आणि त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप मी पाडतो. सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेत खिडकीजवळ माझं ठाणं आहे. चाक फिरवलं की वडी पात्यावरून सरकते, एवढीच माझी विद्या.

उमेदीच्या काळात माझा रुबाब होता. आमच्या तंत्रज्ञ रेश्माताई सकाळी आधी मला तेल द्यायच्या, मग स्वतः चहा घ्यायच्या. काप मी पाडायचे आणि नाव सूक्ष्मदर्शकाचं व्हायचं, हे मला तेव्हाही खुपायचं. पण तो निदान शेजारी तरी होता.

मग ती जनुकांची तपासणी आली. दूर मोठ्या शहरात म्हणे एक यंत्र आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीतली जनुकं ते वाचतं आणि आजार पुन्हा उलटण्याचा धोका किती, हे आधीच सांगतं. धोका कमी निघाला तर काही बायकांची केमो टळते. आमच्या डॉक्टरीणबाई त्याचं कौतुक करताना थकत नसत. अशा वड्या अख्ख्याच तिकडे जाऊ लागल्या. माझ्यावर प्लास्टिक पडलं आणि त्यावर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवू लागलं. खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट झाला. ज्याला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याला मी पाण्यात पाहू लागलो. त्याचं एखादं भाकीत सपशेल फसावं, असंही मनात येई.

गेल्या उन्हाळ्यात कुंभारीच्या मायाक्काची वडी आली. शस्त्रक्रिया झालेली, गाठ हरभऱ्याएवढी. केमो द्यायची की नाही, हे त्या यंत्राला विचारायचं ठरलं. मेंढरांमागं चालायला पायात बळ उरेल का, याचीच मायाक्काला धास्ती होती. वडी एका डबीत घालून कुरिअरनं पाठवायला तिचा भाऊ भारत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आले. कुरिअरसाठी डबी नीट बांधून हवी होती. रेश्माताईंनी ती उघडली आणि कपाळाला हात लावला. उन्हानं मऊ झालेल्या मेणात हळद रुतून वडी पिवळीधमक झाली होती.

"भारतभाऊ, ह्ये काय केलंय?"

"बिरोबाम्होरं ठिवली हुती की. देवाचा भंडारा हाय, वाईट कसं व्हईल?"

"त्येला बोलू नका ताई," मायाक्का म्हणाली. "म्याच म्हनले, भरपूर लाव."

वरचा थर काढल्याशिवाय ती वडी कुणी तपासायला घेतली नसती. आणि काप जाड गेला असता तर इवलीशी गाठच संपली असती. रेश्माताईंनी माझ्यावरचं प्लास्टिक काढलं. चाक जागचं हलेना. मला आतून बरंच वाटलं. आता बसा म्हणावं त्या शहाण्या यंत्राला वाट बघत.

"ताई, माजी गाठ हितंच संपली तर?" मायाक्कानं विचारलं.

 रेश्माताईंनी तेलाची बाटली आणली. मायाक्का दोन्ही हातांनी पदर आवळून माझ्याकडे बघत होती. त्या नजरेपुढं माझा हेवा मलाच नकोसा झाला. चाक फिरलं. पिवळे पापुद्रे एकेक करून गळले, मग खाली पांढरं मेण दिसलं. गाठ शाबूत होती.

काही दिवसांनी निकाल आला. धोका कमी होता, केमोची गरज नव्हती, गोळ्यांवर भागणार होतं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा त्या यंत्राचेच गोडवे गायले आणि माझ्या पोटात पुन्हा दुखू लागलं.

मायाक्का पेढे घेऊन आली. "त्या मशिनीच्या पाया पडायचं हुतं. कुटं हाय ती?"

"ती लई लांब हाय, मावशी," रेश्माताई म्हणाल्या. "गाठीवरचा भंडारा काढला तो ह्यानं."

मायाक्कानं पदराची गाठ सोडली आणि चिमूटभर भंडारा माझ्या चाकाला लावला. "माजा काडलास," ती म्हणाली, "आता तुजा तू घे."

मित्रांनो, जुन्या यंत्राला अडगळ समजू नका, अधूनमधून तेल देत जा. आणि घरातली बाई छातीत गाठ लागते म्हणाली, तर तिला उद्यावर ढकलू नका. माझ्या चाकाच्या खाचेत तो भंडारा अजून आहे. रेश्माताई मला रोज पुसतात, तेवढी जागा सोडून. शहरातल्या त्या यंत्राला कुणी असा भंडारा लावलाय का, जरा विचारून बघा.