साखळीएवढी जागा

कुत्रं आणायचं ठरलं तेव्हा घरात माझं मत कुणी विचारलं नाही. माझ्या लेकीने, दिशाने, कॉलेजातून येताना त्याला रिक्षातून उतरवलंच. सोबत प्राण्यांच्या संस्थेतली तृप्ती नावाची मुलगी होती. दिंडोरीकडच्या कुठल्याशा द्राक्षबागेत तो पाच वर्षं राखणीला बांधलेला होता. साखळी सहा फुटांची. ती मानेच्या मांसात रुतली, तेव्हा डॉक्टरांनी कापून काढली. तिथे केस परत उगवलेच नव्हते, नुसता गुलाबी वळ दिसत होता.

“याला बांधायचं नाही, काकू, आणि मानेला हात लावायचा नाही,” तृप्ती म्हणाली. “दोन महिने बघा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी येईन. रुळला नसेल तर परत घेऊन जाईन.”

“दसऱ्यापर्यंत कशाला, आत्ताच ने,” मी म्हणाले. दिशाने माझ्याकडे असं काही बघितलं की मी निमूटपणे चहा टाकायला गेले.

मखमलाबाद शिवारात आमची दोन एकर फुलशेती आहे. दिशाचे वडील पहाटेच फुलं घेऊन बाजारात जातात, दिशा कॉलेजात. मागे उरते मी. म्हणजे हौस लेकीची आणि चाकरी माझी.

दिशाने त्याचं नाव खंड्या ठेवलं. खंड्या मोकळा होता, पण त्याला ते पटत नव्हतं. पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी बसला आणि तिथूनच सहा फूट, एवढंच त्याचं जग. तेवढं अंतर संपलं की थांबायचा आणि हिसका बसणार असल्यासारखी मान खाली घालायचा. पुढे पोळी ठेवा नाहीतर मटण ठेवा.

“लय भित्रं हाय,” दिशाचे वडील म्हणायचे.

मला तर संतापच यायचा. “अरे मूर्खा, कुणी बांधलंय का तुला?” मी ओरडायची. तो जमिनीला चिकटायचा आणि मग मला माझाच राग यायचा.

तृप्तीने फोनवर उपाय सांगितला. जेवणाची ताटली रोज वीतभर पुढे सरकवायची, त्याच्याकडे बघायचं नाही, हाकही मारायची नाही. मला गप्प राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच, पण राहिले. सहा फुटांपलीकडे ताटली गेली तसा तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मागचे पाय जागेवरच रोवून, अंग ताणून ताणून त्याने चार घास खाल्ले. मी लगेच दिशाला फोन लावला. तिचा तास चालू होता, तरी तिने उचलला.

गणपती गेले, पितृपक्ष संपला. घट बसले त्या दिवशी तो तुळशीपर्यंत आला. आठव्या माळेला मी भाकरी थापत होते, तर पायऱ्या चढून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला. मी मागे वळून बघितलं नाही. डोळ्यांतलं पाणी पिठात पडू नये म्हणून पदर लावला. आता याला कुणी घेऊन गेलं असतं तर मला सोसलं नसतं.

दसऱ्याला दोघं बापलेक पहाटेच झेंडू घेऊन बाजारात गेले. मी खुरपी, विळे, फवारणीचा पंप धुऊन मांडला, हळदकुंकू वाहिलं. आमच्याकडे त्या दिवशी जे जे राबतं आणि जे जे घरचं असतं, त्याला हार पडतो. पंपाला पडला, मोटारसायकलला पडला, गाईला पडला. एक लहान हार उरला. खरं सांगायचं तर उरला नव्हता, मी तो खंड्यासाठीच ओवला होता.

तृप्तीचं बोलणं मी विसरले होते असं म्हणणार नाही. आठवत होतं. पण दोन महिने माझ्या हातचं खातोय, आता माझा हात तरी त्याला चालेल, असा माज होता मला. अंगणात उभा होता तिथेच मी हार त्याच्या गळ्यात घातला आणि मागे दोऱ्याची गाठ मारली. तो शहाण्यासारखा उभा राहिला. मी फोटो काढून दिशाला पाठवला आणि पुरणाकडे वळले. मग पाहुणे आले, सोनं द्यायला भावकी आली. दिवस कसा गेला कळलं नाही.

चार वाजता ते दोघं परतले. “आई, खंड्या कुठंय?” दिशाने विचारलं.

“असेल की अंगणात.”

होता. मी सोडला होता तिथेच, उन्हात. पाण्याचं भांडं दहा पावलांवर काठोकाठ भरलेलं. बसल्या जागी त्याने लघवी केली होती, एरवी तो असं कधी करत नसे. दिशाला बघून शेपटी हलवली, उठला, दोन पावलं पुढे आला आणि थांबून मान खाली घातली.

“सकाळपासून इथंच?” दिशा एवढंच म्हणाली.

मी आतून कात्री आणली आणि नवीन लुगड्यासकट त्या ओल्या मातीत बसले. दोरा कापला, फुलं खाली पडली. “जा रे, सुटलास. जा ना.” तो जागचा हलला नाही.

“उद्या तृप्ती येणारे,” दिशा म्हणाली.

“मीच सांगते तिला. आईने बांधला म्हणून.”

तेवढ्यात खंड्या माझा हात चाटायला लागला. एकेक बोट, सावकाश. सकाळी मी गाठ मारत होते तेव्हाही त्याने असाच चाटला होता आणि मी समजले होते, लाडात आलाय. बांधणाऱ्याचा हात चाटला की मार चुकतो, एवढं तो त्या बागेत शिकून आला होता. त्यापेक्षा चावला असता तर मला बरं वाटलं असतं.